पा-यूट काउंटीच्या शिवेवर

जेवणाच्या टेबलावर मी जुन्या नकाशाची प्रत पसरली. बाबांनी आधी चष्मा पुसला, मग वाकून बोट ठेवलं ते नेमकं लास वेगसवर.

"हे तर ॲरिझोनात दाखवलंय."

"होय बाबा. तेव्हा होतं."

"म्हणजे गाव हललं?"

"गाव जागेवरच होतं. हद्द हलली."

बाबांनी तेहतीस वर्षं तलाठी म्हणून नोकरी केली. सातबारा, फेरफार, मोजणीचे वाद यांतच त्यांचं आयुष्य गेलं. हद्द हलली म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता : "मग सारा कुणी वसूल केला?"

दीडशे वर्षांपूर्वी या वाळवंटात एक अख्खं गाव ह्याच प्रश्नापायी उठलं, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. म्हटलं, उद्या तिथंच जाऊ.

आम्ही हेंडरसनला राहतो. लास वेगसला लागूनच, नेवाडा राज्याच्या क्लार्क काउंटीत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा : करवसुली, कोर्ट, जमिनीचे दस्त, सगळं तिथं. इथं येऊन नऊ वर्षं झाली तरी आपण राहतो तो मुलूख एके काळी दुसऱ्याच राज्याच्या, आता नकाशावर नसलेल्या एका काउंटीत होता, याचा मला पत्ता नव्हता. एकदा घरी आलेल्या पाहुण्यांना घेऊन लास वेगसमधला १८५५चा जुना मॉर्मन किल्ला बघायला गेले होते. मॉर्मन म्हणजे युटात जम बसवलेला एक ख्रिस्ती पंथ. मातीच्या विटांचा, बसका. हा किल्ला आणि त्याभोवतीची शेतवाडी पुढं ऑक्टेव्हियस गॅस नावाच्या माणसाकडं होती आणि तो ॲरिझोनाच्या विधिमंडळात पा-यूट काउंटीचा प्रतिनिधी होता, असं कळलं. लास वेगसचा माणूस ॲरिझोनाचा प्रतिनिधी कसा? तिथून मी या काउंटीच्या मागं लागले. बाबा जानेवारीत आले आणि बरंच झालं. तिथं जायचं तर थंडीतच. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो.

आदल्या दिवशी हूव्हर धरण दाखवून झालं होतं. धरणाच्या पाण्यातून वर आलेल्या मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत, एक नेवाडाची वेळ दाखवतं, दुसरं ॲरिझोनाची. हिवाळ्यात दोन्हींत एक तासाचा फरक असतो, उन्हाळ्यात तो राहत नाही, कारण ॲरिझोना घड्याळ पुढं-मागं करत नाही. बाबा मधल्या हद्दीच्या खुणेवर एक पाय इकडं, एक तिकडं ठेवून उभे राहिले आणि खाली नदीकडं बघत म्हणाले, "नदीची हद्द बरी. कुणाला खोटं बोलता येत नाही." मग थोडं थांबून, "नदीनं पात्र बदलेपर्यंत." भीमेकाठचा माणूस आहे, त्याला हे कुणी शिकवायला नको.

सकाळी आठला निघालो. डबा घेतला होता, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही. नॉर्थशोअर रस्ता लेक मीडच्या, म्हणजे हूव्हर धरणाच्या तलावाच्या, उत्तरेनं जातो. डावीकडं मध्येच लालभडक खडक, बाकी सगळं करडं. झाड म्हणाल तर गुडघ्याएवढी झुडपं. वाटेत उजवीकडं 'कॉलव्हिल बे' अशी पाटी लागते. आता तिथं बोटींचा धक्का आहे. मी गाडी बाजूला घेतली, कारण गोष्ट इथूनच सुरू होते.

१८६३ साली न्यू मेक्सिको टेरिटरीचा पश्चिमेकडचा अर्धा भाग तोडून ॲरिझोना टेरिटरी केली. टेरिटरी म्हणजे अजून राज्य न झालेला प्रांत. वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, तिचा एक प्रतिनिधी बसायचा, पण त्याला मत नसायचं. ही एवढी गोष्ट पुढं फार महाग पडली. १८६४ साली ॲरिझोनाच्या पहिल्या विधिमंडळानं चार काउंट्या पाडल्या, पिमा, युमा, मोहावे आणि यावापाई. चारही नावं तिथल्या आदिवासी जमातींची. त्याच डिसेंबरात मॉर्मनांचा प्रमुख ब्रिगहॅम यंग याच्या सांगण्यावरून अँसन कॉल या मॉर्मन पुढाऱ्यानं कोलोरॅडो नदीच्या काठावर मालाचं बंदर वसवायला घेतलं. समुद्रातून नदीवाटे वर येणाऱ्या आगबोटींनी माल इथं उतरवायचा आणि पुढं बैलगाड्यांनी युटाला न्यायचा, असा बेत. तेच कॉलव्हिल. १८६५च्या जानेवारीत तिथून पूर्वेला, मडी आणि व्हर्जिन या दोन नद्यांच्या संगमावर थॉमस स्मिथ यांच्या पुढारपणाखाली काही कुटुंबं उतरली. त्या वस्तीचं नाव पडलं सेंट थॉमस.

या सगळ्या वस्त्यांसाठी २२ डिसेंबर १८६५ला ॲरिझोनानं मोहावे काउंटीचा उत्तर भाग कापून नवी काउंटी केली, पा-यूट. मुख्य ठिकाण कॉलव्हिल. १८६७ साली ते सेंट थॉमसला हलवलं. १८६६ साली 'एस्मेराल्डा' ही आगबोट कॉलव्हिलपर्यंत पोहोचलीही होती. पण १८६९च्या मे महिन्यात देशाची पूर्व-पश्चिम आरपार रेल्वे पुरी झाली, युटाला माल रुळावरून जायला लागला आणि नदीवरचं बंदर त्याच वर्षी ओस पडलं. आज ते तलावाच्या तळाशी आहे, इतकं खोल की पाणी कितीही आटलं तरी वर येत नाही.

"आणि दुसरं मुख्य ठिकाण?" बाबांनी विचारलं.

"तिकडंच चाललोय आपण. ते वर आलंय."

बाबा गप्प झाले. आमचं मूळ गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याखाली. धरण १९८० साली पुरं झालं. गाव त्याआधीच उठलं. बाबा तेव्हा विशीत होते. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरतात. आमच्या गावाचा भाग मात्र फार क्वचित दिसतो, आणि दिसला तेव्हा बाबा गेले नव्हते. का, ते मी कधी विचारलं नाही.

मुख्य रस्ता सोडला की तीनएक मैल खडीचा रस्ता आहे. तो एका टेकाडावर संपतो. खाली एक मोठं, सपाट, करडं खोरं. पाणी कुठंच नाही. लांबवर झाऊची दाट रांग आणि त्यामधून डोकं वर काढून उभे असलेले दोनचार पांढरे ठोकळे. एवढंच सेंट थॉमस. खाली उतरून गावातून फिरून परत यायला चारएक किलोमीटरची पायवाट आहे. आम्ही वरच एका दगडावर बसलो, मी पुन्हा नकाशा काढला, कारण खाली गेल्यावर बाबा भिंती बघणार, नकाशा नाही, हे मला माहीत होतं.

हद्दीची हकिगत अशी आहे. नेवाडा ही टेरिटरी १८६१ साली युटाचा पश्चिम भाग तोडून झाली. तिची पूर्वेची हद्द होती ३९वं रेखावृत्त. हे ग्रिनिचपासूनचं नव्हे. त्या काळी अमेरिकेत कायद्यातली रेखावृत्तं वॉशिंग्टनपासून मोजत. बाबांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी मला दोनदा सांगायला लावली. "म्हणजे मोजणीचा मूळ खुंट त्यांनी आपल्या दारात ठोकला," ते म्हणाले. त्याची खूण अजून आहे : नेवाडा-युटाची सीमा ग्रिनिचच्या हिशेबानं ११४ अंशांवर बरोबर बसत नाही, थोडी पश्चिमेला सरकते.

१८६२ साली ही हद्द एक अंश पूर्वेला सरकवून ३८वर नेली. १८६६ साली आणखी एक अंश, ३७वर. एक अंश म्हणजे इथं सुमारे ८५ ते ९० किलोमीटर, आणि दर वेळी तो तुकडा युटाच्या अंगावरून गेला. मधल्या काळात, ३१ ऑक्टोबर १८६४ला, नेवाडा पूर्ण राज्य झालं होतं. त्याच्याकडं मत असलेले दोन सेनेटर होते. युटा आणि ॲरिझोना टेरिटऱ्याच राहिल्या. पहरानागाट खोऱ्यात १८६५ साली चांदी सापडली होती आणि खाणी असलेला मुलूख खाणींच्या राज्याकडं असावा ही मागणी नेवाडानं लावून धरली. ५ मे १८६६च्या कायद्यानं काँग्रेसनं पूर्वेकडचा पट्टा तर दिलाच, वर ॲरिझोनाचा कोलोरॅडो नदीच्या पश्चिमेचा त्रिकोणही नेवाडाला देऊन टाकला. आजच्या नकाशात नेवाडाचं खालचं टोक पाचरीसारखं दिसतं ना, तीच ती पाचर. पा-यूट काउंटीचा मोठा भाग तिच्यात गेला. काउंटी होऊन पुरे पाच महिनेही झाले नव्हते.

१८ जानेवारी १८६७ला नेवाडानं हा मुलूख रीतसर स्वीकारला. ॲरिझोनानं मानलं नाही. काँग्रेसकडं विनंतीअर्ज गेले आणि तोवर पा-यूट काउंटीचे प्रतिनिधी ॲरिझोनाच्या विधिमंडळात बसतच राहिले. १८६८ साली राजधानी टूसॉनला होती. गॅस आणि सेंट थॉमसचे अँड्र्यू गिबन्स हे दोघं कॉलव्हिलहून एका लहान होडीत बसून कोलोरॅडो नदीनं युमापर्यंत उतरले आणि तिथून घोडागाडीनं टूसॉनला गेले. जी काउंटी काँग्रेसच्या लेखी दुसऱ्या राज्यात गेली होती, तिच्या वतीनं बोलायला. मला त्या होडीचं चित्र फार दिवस डोळ्यांपुढून हलत नव्हतं. दोन माणसं, शेकडो मैलांची नदी, आणि पलीकडं पोहोचून सांगायचं ते एवढंच : आम्ही अजून तुमचेच आहोत.

ऐकलं कुणी नाही. १८७१ साली ॲरिझोनानंच पा-यूट काउंटी मोडीत काढली आणि उरलेला पूर्वेचा तुकडा परत मोहावे काउंटीला जोडला.

"आणि युटा गप्प बसलं?"

नाही बसलं. १८६९ साली युटानं याच खोऱ्यासाठी स्वतःची रिओ व्हर्जिन नावाची काउंटी काढली. म्हणजे एकाच गावावर ॲरिझोनाची पा-यूट, युटाची रिओ व्हर्जिन आणि नेवाडाची लिंकन, अशा तीन काउंट्यांचा हक्क. बाबांनी मान हलवली. बेळगाव-निपाणीचा विषय आमच्या घरात नेहमीचा. आत्या निपाणीला दिली आहे. १९५६ची रात्र तिच्या सासऱ्यांनी कशी काढली ते तिच्याकडून खूपदा ऐकलंय. पण तिथं निदान दोनच दावेदार.

उतरायला लागलो. पायाखाली गाळ. वरून वाळून भेगाळलेला, भेगांच्या कडा उचललेल्या, त्यांवर पाय पडला की पापडासारखा आवाज होतो. जागोजागी नखाएवढे पांढरे शिंपले. इथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे आणि पायाखाली शिंपले, हे बाबांना फारच विचित्र वाटलं, त्यांनी दोन उचलून रुमालात बांधले. मग खाली बसून गाळाचं एक ढेकूळ हातात घेतलं, बोटांनी चुरलं, वास घेतला.

"गाळपेर होईल इथं," ते म्हणाले. "हरभरा येईल झक्कास."

उजनीचं पाणी उतरलं की मागं राहणाऱ्या ओल्या जमिनीत असंच पेरतात. इथं ते कुणी करत नाही. झाऊ मात्र माजलाय, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर. त्याच्या आतून चालताना गाव दिसत नाही आणि मग एकदम समोर येतं.

आधी झाडं. म्हणजे झाडांचे बुंधे. रस्त्याच्या कडेनं एका ओळीत कॉटनवूडची झाडं लावलेली होती, त्यांचे करडे, कापलेले बुंधे अजून ओळीत उभे आहेत. बुंध्यांच्या ओळीवरून रस्ता कळतो, रस्त्यावरून प्लॉट. बाबांनी लगेच दोन बुंध्यांमधलं अंतर पावलांनी मोजलं. मग एका घराचा चौथरा, सिमेंटचा. मग जमिनीत उतरलेली पाण्याची टाकी, आतून गिलावा केलेली, तळाशी वाऱ्यानं आणलेला पाला. शाळेचा चौथरा मोठा आहे, त्याला रुंद पायऱ्या आहेत. बाबा पायऱ्या चढून वर गेले आणि रिकाम्या चौथऱ्यावर उभे राहून चहूकडं बघत राहिले. शाळा म्हटली की ते तसेच करतात, कुठल्याही गावात. सर्वांत उंच काय उरलंय तर आइस्क्रीमच्या दुकानाचं धुराडं. या वाळवंटात, त्या काळात, आइस्क्रीमचं दुकान! हे सगळं अर्थात दुसऱ्यांदा वसलेल्या गावाचं. पहिलं गाव मातीचं होतं.

त्याच पहिल्या गावाबद्दल मला बोलायचं आहे.

त्या लोकांना मॉर्मन चर्चनं कापूस पिकवायला पाठवलं होतं. दक्षिणेत यादवी युद्ध चालू, कापूस मिळेना, तेव्हा आपला आपण पिकवावा हा विचार. मडी नदीचं पाणी पाटांनी फिरवून त्यांनी कापूस, गहू, द्राक्षं, भाजीपाला केला. ३० ऑगस्ट १८६९ला जॉन वेस्ली पॉवेलची ग्रँड कॅन्यनमधून आलेली पहिली मोहीम व्हर्जिनच्या मुखाशी थांबली तेव्हा ती माणसं उपाशी, फाटक्या कपड्यांतली. सेंट थॉमसला निरोप गेला आणि गावचे बिशप जेम्स लीथहेड गाडीतून टपाल आणि खायला कलिंगडं-खरबुजं घेऊन आले. जगाला त्या मोहिमेतली नदी आठवते. मला ती फळं आठवतात. साडेचार वर्षांत या भुईतून ती काढली होती.

हद्दीचा कायदा होऊन चार वर्षं झाली तरी ती रेषा प्रत्यक्ष जमिनीवर आखलेली नव्हती. वॉशिंग्टनपासूनचं ३७वं रेखावृत्त या खोऱ्याच्या नेमकं कुठल्या बाजूनं जातं, ठाऊक कुणाला? गावकरी आपण युटात किंवा ॲरिझोनात आहोत असंच धरून चालले होते आणि कर त्या हिशेबानं भरत होते. १८७० साली मोजणी झाली. रेषा गावाच्या पूर्वेला निघाली. गाव नेवाडात.

लिंकन काउंटीनं कर मागितला. चालू वर्षाचा, आणि मागच्या थकबाकीचाही. आणि तो नाण्यात भरायचा, सोन्याचांदीच्या. या लोकांकडं नाणं नव्हतंच. त्यांचा व्यवहार धान्य, कापूस, मीठ यांच्या अदलाबदलीचा.

बाबा चौथऱ्याच्या कडेला बसले होते. "पावत्या होत्या का त्यांच्याकडं? आधी भरलेल्या?"

"दुसऱ्या सरकारच्या पावत्या, बाबा."

"हां. मग चालायच्या नाहीत." बराच वेळ ते जमिनीकडं बघत होते. "सारा दोनदा कुणीच भरू शकत नाही गं. दुष्काळात एकदाच भरताना माणसं कशी यायची चावडीत, मी बघितलंय. नोटीस मीच नेऊन द्यायचो."

डिसेंबर १८७०मध्ये मडी खोऱ्यातल्या वस्त्यांनी मतं घेतली. जायचं ठरलं. १८७१च्या आरंभी सहाशेच्या आसपास माणसं उठली, घरं, पाट, द्राक्षांचे मळे सोडून. बरेच जण युटातल्या लाँग व्हॅलीत गेले. मूळचे स्वित्झर्लंडचे डॅनियल बोनेली आणि त्यांची पत्नी तेवढे राहिले. पुढं त्यांनी व्हर्जिनच्या मुखाशी नदी ओलांडायची नाव चालवली. तिकडं लास वेगसला गॅसही थकबाकीतून सुटला नाही. पुढं कर्जापायी त्याची शेतवाडी गेली. आर्चिबाल्ड स्टुअर्टकडून त्यानं सोन्याच्या नाण्यांत पैसे घेतले, ते फिटले नाहीत, १८८१ साली वाडी स्टुअर्टची झाली. त्याच्या मागं त्याची विधवा हेलन स्टुअर्ट हिनं ती १९०२ साली रेल्वेवाल्या विल्यम क्लार्कला विकली. १५ मे १९०५ला रेल्वेनं तिथल्या प्लॉटांचा लिलाव केला, ते आजचं लास वेगस. चार वर्षांनी, १ जुलै १९०९ला, लिंकन काउंटी फोडून दक्षिणेचा भाग वेगळा केला आणि त्याला ह्या क्लार्कचंच नाव दिलं. तो सेनेटर होता मोंटानाचा, नेवाडाचा नव्हे. माझ्या गाडीची नोंदणी, घराचा कर, मतदारयादी, सगळ्यावर त्याचं नाव आहे.

क्लार्क काउंटी वेगळी होण्यामागं अंतराचा जाच होता, लिंकनचं मुख्य ठिकाण पिओश फार लांब. आणि कर्जाचाही. पिओशला १८७२ साली एक कोर्टाची इमारत बांधली. ठरलेली किंमत सुमारे २६ हजार डॉलर. पैसे नव्हते म्हणून रोखे काढले, व्याज थकलं, नवे रोखे काढले, पुन्हा थकलं. शेवटचा हप्ता फिटला १९३८ साली. तोवर एकूण जवळजवळ दहा लाख डॉलर गेले होते आणि इमारत आधीच वापरायला नालायक ठरवलेली होती. त्या इमारतीला लोक अजून 'दहा लाखांचं कोर्ट' म्हणतात. ज्या काउंटीनं सेंट थॉमसच्या शेतकऱ्यांकडं सोन्याचं नाणं मागितलं, तिची ही गत. आणि १९३८ हेच साल सेंट थॉमस बुडाल्याचं.

मधल्या काळात गाव पुन्हा वसलं होतं. १८८०च्या दशकात मॉर्मन कुटुंबं परत यायला लागली, या वेळी नेवाडाचे नागरिक म्हणून. वस्ती पाचशेच्या घरात गेली. रेल्वेचा फाटा आला. मोटारींचा रस्ता आला, हॉटेल, गॅरेज, ते आइस्क्रीमचं दुकान. मग हूव्हर धरणाचं काम सुरू झालं. सरकारनं जागा खरेदी केल्या, लोक हळूहळू उठले. ह्यू लॉर्ड नावाच्या एका माणसाचा पाणी इथवर चढेल यावर विश्वास बसेना. ११ जून १९३८ला तो होडीत बसून आपल्या घरापासून निघाला, गावातला शेवटचा. त्यानंतर हे गाव १९४५ साली आणि १९६३च्या सुमारास थोडं वर आलं, आणि २००२पासून, दुष्काळानं तलाव खाली गेला तसं, उघडंच पडलं.

इथं येणारे बहुतेक जण 'धरणात बुडालेलं गाव' बघायला येतात. माझ्या लेखी हे गाव धरणाच्या सदुसष्ट वर्षं आधी बुडालं, कागदात. पाण्यानं निदान भरपाई मिळाली आणि ते सावकाश चढत आलं. कागदाच्या रेषेनं एका मोजणीत सगळं नेलं, आणि ती रेषा आखताना इथल्या एकाही माणसाला विचारलं नव्हतं.

आणि ज्यांचं नाव त्या काउंटीला दिलं होतं, त्यांना तर कधीच विचारलं नाही. दक्षिण पायूट लोक, ते स्वतःला नुवुवी म्हणवतात, याच मडी नदीवर शेती करत होते. मॉर्मन आले ते त्यांच्याच पाण्यावर आले. १८७३ साली सरकारनं त्यांच्यासाठी मोआपा इथं राखीव मुलूख जाहीर केला, तो लवकरच २० लाख एकरांवर गेला. दोन वर्षांत, १८७५ साली, तो १,००० एकरांवर आणला. विसाच्या पुढची किती शून्यं गेली बघा. एवढी मोठी हद्द इतक्या झटक्यात हलल्याचं दुसरं उदाहरण मला या सगळ्या वाचनात सापडलं नाही. १९८० साली सुमारे ७०,००० एकर परत जोडले. पा-यूट काउंटीबद्दल लिहिताना ॲरिझोना, नेवाडा, युटा यांच्या भांडणावर पानंच्या पानं आहेत, या जमिनीवर आधीपासून असलेल्यांबद्दल एखादं वाक्य. मीही हे इतक्या उशिरा लिहिते आहे, याची मला लाज वाटते.

डबा आम्ही धुराड्याच्या सावलीत खाल्ला. वारा पडला होता. बाबांनी दशमीचा पहिला तुकडा मोडून बाजूला गाळावर ठेवला, शेतात जेवताना ठेवतात तसा.

परतताना ओव्हरटनला थांबलो. सेंट थॉमसच्या वर, पंधरावीस मिनिटांवरचं गाव. तिथं १९३५ साली बांधलेलं मातीच्या विटांचं एक छोटं 'लॉस्ट सिटी' संग्रहालय आहे. या खोऱ्यात शेकडो वर्षांपूर्वी पुएब्लो लोकांची मोठी वस्ती होती, तिचं उत्खनन १९२४पासून चालू होतं, आणि धरणाचं पाणी चढायच्या आत जेवढं वाचवता आलं तेवढं इथं आणून ठेवलं. बाबा मडक्यांपाशी रेंगाळले. माझं लक्ष घड्याळाकडं होतं, कारण मला आणखी एक ठिकाण दाखवायचं होतं.

धरण व्हायच्या आधी सेंट थॉमसचं दफनस्थान उकरलं आणि सगळ्या कबरी ओव्हरटनजवळ आणून पुन्हा पुरल्या. माळावर कुंपणाच्या आत ते नवं दफनस्थान आहे. खडी पसरलेली, गवत नाही. काही दगडांवर नावं आहेत, काही नुसतेच. ऊन कलत होतं. बाबा कुंपणाबाहेरच चप्पल काढून आत आले. मी म्हटलं, इथं काढायची पद्धत नाही, पायाला खडी टोचेल. त्यांनी ऐकलं नाही.

एकेका दगडापाशी थांबत त्यांनी पूर्ण फेरी मारली. शेवटी फाटकाशी आले.

"मेलेली माणसंसुद्धा आणली यांनी."

"हो."

"आपली नाही आणता आली. राख तर नदीतच गेलेली. माझा आजा, आजी, सगळे तिथंच." त्यांनी चप्पल पायात सरकवली, खाली वाकून तळव्याला चिकटलेली खडी झाडली. "मारुती आणला आम्ही. बैलगाडीत घालून, गवताच्या पेंढ्या भोवती लावून. दिवसभर चाललो. तुझा चुलता पुढं आणि मी मागून मूर्तीला धरून. नव्या गावठाणात उतरवला तेव्हा कळलं, हद्द कुठली धरायची तेच ठरलं नव्हतं, देऊळ कुठं बांधणार? वर्षभर मारुती बाभळीखाली होता."

"मग?"

"मग मोजणी झाली," बाबा म्हणाले. "बाभळ शिवेवर निघाली."

गाडीत बसल्यावर त्यांनी रुमाल सोडला, दोन शिंपले तळहातावर घेऊन बघितले आणि खिशात ठेवले. मेमध्ये परत गेल्यावर उजनीचं पाणी किती उतरलेलं असेल ते विचारायला त्यांनी तिथूनच, त्या माळावरून, चुलत्यांना फोन लावला. तिकडं पहाटेचे पाच वाजले होते.